मेबलला कुणी विचारलं?

१८७८ च्या मे महिन्यात लंडनच्या चॅन्सरी न्यायालयात तिशीची एक बाई स्वतःच्या मुलीसाठी युक्तिवाद करायला स्वतःच उभी राहिली. न्यायासनावर मास्टर ऑफ द रोल्स सर जॉर्ज जेसेल होते. वकील न देता एक बाई जातीनं बोलणार, याचं त्यांना इतकं नवल वाटलं की हे खरंच का, असं त्यांनी पुन्हा विचारून घेतलं. समोरचा पक्ष म्हणजे तिचा नवरा, लिंकनशायरमधल्या सिब्सी गावचा धर्मोपदेशक. दोघं पाच वर्षांपासून वेगळे राहत होते. आता भांडण होतं ते सात वर्षांची मेबल कुणाकडे राहणार याचं.

ही बाई म्हणजे ॲनी बेझंट. १९१६ साली टिळकांनी होमरूल लीग काढली, त्याच वर्षी मद्रासला आपली वेगळी लीग काढणाऱ्या आणि पुढच्याच वर्षी कलकत्ता काँग्रेसच्या अध्यक्ष झालेल्या बेझंटबाई मराठी वाचकाला परक्या नाहीत. मात्र मुलाच्या ताब्याच्या दाव्यात त्या दोनदा न्यायालयाची पायरी चढल्या, हे फारसं सांगितलं जात नाही. पहिल्यांदा आई म्हणून, दुसऱ्यांदा परक्याच्या मुलांची पालक म्हणून. पहिल्या निकालापासून शेवटच्या निकालापर्यंत ३६ वर्षं गेली. एवढ्या काळात कायदा कुठून कुठे सरकला, हे त्या दोन निकालांत स्पष्ट दिसतं.

त्या काळच्या इंग्लंडात मूल बापाचं होतं. अठराव्या शतकातला विधिपंडित ब्लॅकस्टोन लिहून गेला होता की मुलांनी आईचा आदर करावा, पण आईची मुलांवर सत्ता नाही. याचा प्रत्यक्ष अर्थ काय होता, ते १८०४ च्या एका खटल्यात दिसलं. इंग्लंडात येऊन राहिलेल्या एका फ्रेंच माणसानं, वेगळ्या राहणाऱ्या आपल्या इंग्रज बायकोकडून आठ महिन्यांचं, अंगावर पिणारं मूल हिसकावलं. वाईट हवेत, जवळजवळ उघड्या अंगानं, ते उघड्या गाडीतून नेलं. आईनं न्यायालयात धाव घेतली. सरन्यायाधीश लॉर्ड एलेनबरो यांनी सांगितलं की मुलाचा ताबा कायद्यानं बापाचाच, आणि मुलाला इजा होतेय असा पुरावा समोर नाही. मूल बापाकडेच राहिलं.

बापाचा हा हक्क क्वचित हिरावला जाई, तो मतांवरून. कवी शेली नास्तिक होता. पहिल्या बायकोच्या मृत्यूनंतर त्यानं आपली दोन मुलं मागितली आणि वाद चॅन्सरीत गेला, तेव्हा १८१७ साली लॉर्ड एल्डन यांनी ती त्याला दिली नाहीत. हा दाखला लक्षात ठेवायला हवा, कारण साठ वर्षांनी बेझंटबाईंच्या वाट्याला तोच न्याय आला.

या भिंतीला पहिली भेग पाडली कॅरोलाइन नॉर्टन हिनं. ती नाटककार शेरिडनची नात, स्वतः लेखिका. नवरा जॉर्ज नॉर्टन वकील आणि खासदार, हात उगारणारा. १८३६ साली त्यानं थेट पंतप्रधान लॉर्ड मेलबर्न यांच्यावर, माझ्या बायकोशी संबंध ठेवले म्हणून, १०,००० पौंडांचा दावा लावला. ज्यूरीनं जागेवरून न उठता तो फेटाळला. कॅरोलाइनचं नाव साफ झालं, पण मुलं मिळाली नाहीत. तिघं मुलगे, सगळ्यांत धाकटा तीन वर्षांचाही नव्हता. जॉर्जनं त्यांना आधीच तिच्यापासून दूर नेलं होतं आणि पुढे स्कॉटलंडला धाडलं.

तिनं लेखणी उचलली. आईचा मुलांवरचा हक्क मांडणारी पत्रकं तिनं छापली, त्यांतलं एक पुरुषाच्या टोपणनावानं. खासदार टॅलफर्ड यांनी संसदेत विधेयक मांडलं आणि १८३९ साली कायदा झाला. वेगळी राहणारी आई आता सात वर्षांखालच्या मुलाचा ताबा आणि मोठ्या मुलांची भेट चॅन्सरीकडे मागू शकत होती. तिच्यावर व्यभिचार शाबीत झालेला नसावा, ही अट होतीच. अर्ज मान्य करायचा की नाही हेही न्यायाधीशाच्या मर्जीवर. तरीही आईला न्यायालयात या कारणासाठी उभं राहता येतं, ही गोष्टच नवी होती.

कॅरोलाइनला स्वतःला मात्र या कायद्याचा उपयोग झाला नाही. मुलं स्कॉटलंडात, आणि हा कायदा तिथे लागू नव्हता. १८४२ साली धाकटा विल्यम घोड्यावरून पडला. जखम चिघळली. आईला निरोप गेला, पण ती पोचेपर्यंत नऊ वर्षांचा विल्यम गेला होता. त्यानंतरच जॉर्जनं उरलेल्या दोघांना आईकडे राहू द्यायला सुरुवात केली. ताब्याच्या कायद्याच्या इतिहासात विल्यमचं नाव कुठल्याही कलमाला दिलेलं नाही. ते द्यायला हवं होतं.

बेझंटबाईंची कथा यानंतरच्या पिढीतली. वीस वर्षांच्या ॲनी वुडचं लग्न १८६७ च्या डिसेंबरात रेव्हरंड फ्रँक बेझंट यांच्याशी झालं. १८६९ मध्ये डिग्बी, १८७० मध्ये मेबल. पुढल्याच वर्षी दोन्ही मुलांना डांग्या खोकला झाला आणि मेबल मरणाच्या दारात गेली. ॲनीनं पडद्यांचा तंबू उभारला, तो वाफेनं भरलेला ठेवला आणि त्या वाफेत मुलीला मांडीवर घेऊन ती रात्रंदिवस बसून राहिली. मूल वाचलं, पण आईची श्रद्धा त्या तंबूतून बाहेर आलीच नाही. तान्ह्या जिवाला असा छळणारा देव दयाळू कसा, हा प्रश्न तिला सोडेना. धर्मोपदेशकाच्या घरात हा प्रश्न पेलवणारा नव्हता.

सिब्सीला असताना एकदा तिनं रिकाम्या चर्चचं दार आतून लावून घेतलं आणि नवऱ्याच्या व्यासपीठावर चढून बोलून पाहिलं. ऐकायला कुणी नव्हतं. पुढे भारतात हजारोंच्या सभा गाजवणाऱ्या वक्त्याचं ते पहिलं भाषण. मग तिनं प्रभुभोजनाच्या विधीत भाग घ्यायला नकार दिला. नवऱ्यानं सांगितलं, विधी कर नाहीतर घर सोड. तिनं घर सोडलं.

१८७३ च्या ऑक्टोबरात दोघांत विभक्त राहण्याचा करार झाला. मेबल आईकडे, डिग्बी बापाकडे, आणि सुट्टीत एकमेकांकडे जाणं. त्याच वर्षी एप्रिलात नवा कायदा झाला होता. आई आता सोळा वर्षांपर्यंतच्या मुलासाठी अर्ज करू शकत होती, आणि बापानं करारानं मूल आईला दिलं तर केवळ तेवढ्यावरून तो करार बेकायदा ठरणार नव्हता. एक शर्त मात्र होती. करार मुलाच्या हिताचा नाही असं न्यायालयाला वाटलं, तर ते त्याची अंमलबजावणी करणार नव्हतं. ही शर्त वाचायला मुलाच्या बाजूची वाटते. पाच वर्षांनी ती मेबलविरुद्ध वापरली गेली.

दरम्यान ॲनी चार्ल्स ब्रॅडलॉ या नास्तिक पुढाऱ्याबरोबर काम करू लागली होती. १८७७ साली दोघांनी नोल्टन या अमेरिकन डॉक्टरचं संततिनियमनावरचं जुनं पुस्तक मुद्दाम पुन्हा छापून विकलं. गरीब बायकांना हे ज्ञान मिळालंच पाहिजे, एवढाच त्यांचा आग्रह. अश्लीलतेचा खटला भरला गेला आणि सहा महिने कैद व २०० पौंड दंड अशी शिक्षा झाली. १८७८ च्या फेब्रुवारीत आरोपपत्रातल्या दोषावरून ती रद्द झाली. आपल्याकडे र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ काढलं आणि तेही खटल्यांत ओढले गेले, ते यानंतर पन्नास वर्षांनी.

तुरुंग टळला, आणि फ्रँक बेझंट यांनी मेबलसाठी अर्ज केला. कारणं दोन: आई मुलीला धर्मशिक्षण देत नाही, आणि असं पुस्तक विकणारी बाई मुलगी वाढवायला लायक नाही. आईनं मुलीला नीट जपलं आहे, तिच्या तब्येतीची आणि सुखसोयीची काळजी घेतली आहे, हे नाकारलं गेलं नाही. तरीही जेसेल यांनी निकाल फ्रँक यांच्या बाजूनं दिला. अशा आईजवळ राहिली तर सभ्य ख्रिस्ती घरातल्या बायका या मुलीला जवळ करणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. जेसेल स्वतः ज्यू होते, इंग्लंडच्या उच्च न्यायासनावर नियमितपणे बसणारे पहिले ज्यू. अल्पसंख्य माणसाच्या मताची किंमत त्यांच्याहून अधिक कुणाला कळायला हवी होती? पण निकालात तशी खूण सापडत नाही. मुलीला काय हवं आहे, यालाही त्यात जागा नव्हती. सगळा ऊहापोह आईच्या मतांचा आणि बापाच्या धर्माचा.

मग नवऱ्याचा माणूस घरी आला. मेबल नुकतीच तापातून उठली होती, अंगात त्राण नव्हतं. बाईंनी पुढे आत्मचरित्रात लिहिलं आहे की ओरडणाऱ्या, हातपाय झाडणाऱ्या मुलीला बळजबरीनं उचलून नेलं गेलं. त्या नंतर रिकाम्या खोलीत तासन् तास येरझारा घालत राहिल्या, भ्रम होईल की काय अशी त्यांना भीती वाटली, आणि शेवटी त्या स्वतः अंथरुणाला खिळल्या. मूल घेऊन जाणाऱ्या माणसानं न्यायालयाचा हुकूम पाळला, यात शंका नाही. हुकूम काढणाऱ्यानं ही खोली पाहिली नव्हती.

१८७९ च्या एप्रिलात अपील न्यायालयानं ताब्याचा निकाल कायम ठेवला. त्याच वर्षी आणखी एक गोष्ट झाली, ती वाचताना आजही राग येतो. तोच १८७३ चा विभक्ततेचा करार, मुलीच्या ताब्यापुरता अंमलात आणण्याजोगा नाही असं ठरलं होतं; पण बाई नवऱ्याविरुद्ध दावा लावू पाहत होत्या, तेव्हा तो त्याच्या संरक्षणासाठी पक्का धरला गेला. ज्या कागदानं आईला मूल दिलं होतं तो फाटला, आणि ज्या कागदानं नवरा सुरक्षित होता तो शाबूत राहिला. कागद एकच.

मुलांना भेटण्याचा अधिकार मात्र त्यांना मिळाला. इथे बाईंनी घेतलेला निर्णय आजच्या विभक्त आईबापांनी शांतपणे वाचावा असा आहे. त्यांना दिसलं की प्रत्येक भेटीनंतर मेबल आईसाठी आणखी झुरते, आणि मुलांसमोर आईच्या नावाचा दुरुपयोग होतो. त्यांनी भेटी बंद केल्या, पत्रंही थांबवली. मुलं मोठी होऊन स्वतः विचार करतील तेव्हा भेटू, असं ठरवलं. हे बरोबर होतं का, याचं उत्तर सोपं नाही. आजचा समुपदेशक बहुधा वेगळा सल्ला देईल, कारण तोडलेला संपर्क मुलाला टाकून दिल्यासारखा वाटू शकतो. पण बाईंच्या हातात तेव्हा दुसरा मार्ग नव्हता, आणि मुलीचा त्रास कमी व्हावा म्हणून स्वतःचा हक्क सोडणारा पक्षकार ताब्याच्या दाव्यांत फार विरळा दिसतो. वयात आल्यावर दोघंही मुलं आपल्या पायांनी आईकडे आली. डिग्बी विमाशास्त्रात नावाजला. मेबलनं इतिहासकार अर्नेस्ट स्कॉट यांच्याशी लग्न केलं.

इंग्लंडचा कायदा पुढे सरकत राहिला. १८८६ च्या कायद्यानं न्यायालयाला मुलाचं हित आणि दोघांही आईबापांची वागणूक व इच्छा पाहायला सांगितलं. १९२५ साली मुलाचं हित सर्वांत वरचं ठरलं. आई आणि बाप यांचे अधिकार समान व्हायला १९७३ साल उजाडलं.

भारतात इंग्रज सरकारनं १८९० साली गार्डियन्स अँड वॉर्ड्स कायदा केला. आजही ताब्याचे बरेच अर्ज त्याच्याच कलमांखाली होतात. त्यातलं कलम १७ लक्ष देऊन वाचण्यासारखं आहे. पालक नेमताना मुलाचं हित पाहावं, आणि मूल समजून आवड सांगण्याइतकं मोठं असेल तर न्यायालय ती आवड विचारात घेऊ शकतं. याच कायद्याच्या कलम १९ मध्ये मात्र बाप हयात आणि लायक असेल तर दुसरा पालक नेमता येणार नाही, असंही होतं. एका कायद्याच्या जवळजवळच्या दोन कलमांत मूल आणि बाप असे आमनेसामने उभे होते.

हाच कायदा बेझंटबाईंच्या दुसऱ्या खटल्यात आला. १९०७ पासून त्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या अध्यक्ष होत्या. १९०९ साली अड्यारच्या किनाऱ्यावर सोसायटीतल्या लेडबीटर यांच्या नजरेत एक मुलगा भरला. पुढचे जे. कृष्णमूर्ती ते हेच. हा मुलगा जगद्गुरू होणार, असं सोसायटीत मानलं जाऊ लागलं. त्याची आई आधीच गेली होती. वडील नारायणय्या निवृत्त सरकारी नोकर, सोसायटीतच काम करत होते. ६ मार्च १९१० रोजी त्यांनी कृष्णमूर्ती आणि धाकटा नित्यानंद यांचं पालकत्व लेखी बेझंटबाईंकडे सोपवलं. बाई दोघांना इंग्लंडला शिकायला घेऊन गेल्या.

१९१२ साली वडिलांचं मन फिरलं. लेडबीटर यांच्याविषयी त्यांचे गंभीर आक्षेप होते, आणि मुलाचं देवपण त्यांना सहन होईना. त्यांनी चिंगलपट जिल्हा न्यायालयात दावा लावला आणि तो मद्रास उच्च न्यायालयात वर्ग झाला. वडिलांच्या बाजूनं सी. पी. रामस्वामी अय्यर. बेझंटबाई पुन्हा जातीनं उभ्या राहिल्या. १५ एप्रिल १९१३ रोजी न्यायमूर्ती बेकवेल यांनी मुलं वडिलांकडे सोपवण्याचा हुकूम दिला. अपिलातही त्या हरल्या. मग प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेलं.

२५ मे १९१४ च्या निकालात प्रिव्ही कौन्सिलनं दोन गोष्टी सांगितल्या. एक, बापानं दिलेलं पालकत्व विश्वासावर दिलेलं असतं आणि तो ते परत घेऊ शकतो. म्हणजे बापाचा हक्क कायमच राहिला. पण दुसरी गोष्ट निर्णायक ठरली. मुलं इंग्लंडात राहत असताना चिंगलपटच्या न्यायालयाला अधिकार पोचत नव्हता, आणि या सगळ्या खटल्यात मुलांचं म्हणणं कुणी ऐकलेलं नव्हतं, त्यांचं हित पाहिलेलं नव्हतं. हुकूम रद्द झाला. कृष्णमूर्ती तेव्हा १९ वर्षांचे होते. ज्या बाईंची मुलगी ३६ वर्षांपूर्वी ओरडत नेली गेली, त्यांनाच मुलांना विचारलं नाही या मुद्द्याचा आधार मिळाला. नारायणय्यांच्या बाजूनं विचार केला तर हा निकाल कठोर आहे. त्यांनी विश्वासानं मुलं दिली होती आणि ती त्यांना परत मिळाली नाहीत. तरी निकालातला तो मुद्दा बरोबरच होता.

स्वातंत्र्यानंतर १९५६ चा हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा आला. त्यात नैसर्गिक पालक बाप, आणि त्याच्यानंतर आई. पाच वर्षांखालचं मूल साधारणतः आईकडे. बाप आधी, ही ओळ न्यायालयांनी हळूहळू सैल केली. १९७० साली विदर्भातल्या एका शेतजमिनीच्या वादात सर्वोच्च न्यायालयापुढे अशी मुलगी होती, जिचे आईबाप वीसेक वर्षं वेगळे राहत होते आणि जिच्या कारभारात बापानं कधी लक्ष घातलं नव्हतं. आईनं पालक म्हणून केलेला व्यवहार न्यायालयानं मान्य केला. १९७३ साली दुसऱ्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं बजावलं की मुलं म्हणजे आईबापांची मालमत्ता किंवा खेळणी नव्हेत. १९९९ साली लेखिका गीता हरिहरन यांच्या प्रकरणात, बापाच्या हयातीतही तो मुलाचं पाहत नसेल तर आई नैसर्गिक पालक होऊ शकते, असा अर्थ लावला गेला. सुरुवात झाली होती रिझर्व्ह बँकेनं मुलाच्या नावचे रोखे आईच्या सहीवर द्यायला नकार दिला तेव्हा. २०१० साली कलम १९ मध्ये बापाबरोबर आईचंही नाव आलं.

पुणे आणि मुंबईत १९८९ साली कौटुंबिक न्यायालयं सुरू झाली. तिथे न्यायाधीशांच्या आधी समुपदेशकाकडे बसावं लागतं. ताबा एकाकडे, भेट दुसऱ्याला, सुट्ट्यांची वाटणी, वाढदिवस कुणाकडे, गणपतीत कुठे, हे सगळं तिथे बोललं जातं. २०१५ साली गोव्यातल्या एका जोडप्याच्या वादात सर्वोच्च न्यायालयानं पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा आईकडे दिला आणि ती अयोग्य आहे हे सिद्ध करण्याचं ओझं बापावर टाकलं. २०२० मध्ये त्याच न्यायालयानं सांगितलं की मुलाला दोघांच्याही प्रेमाचा हक्क आहे, आणि ज्याच्याकडे ताबा नाही त्याची भेट फोनवर, व्हिडिओ कॉलवर तरी झाली पाहिजे. बेझंटबाईंच्या काळी ताबा हरलेल्या आईला भेट ही न्यायालयाची मेहेरबानी वाटे. इथे ती मुलाची गरज म्हणून मांडली आहे.

१९८९ च्या आंतरराष्ट्रीय बालहक्क करारात, मुलाला आपल्याशी संबंधित बाबीत मत मांडण्याचा हक्क आहे, असं कलम १२ सांगतं. भारतानं तो करार डिसेंबर १९९२ मध्ये मान्य केला. १८९० च्या कायद्याचं कलम १७ मात्र आजही तसंच आहे. मुलाची आवड न्यायालय विचारात ‘घेऊ शकतं’, घ्यायलाच हवी असं नाही. चांगले न्यायाधीश मुलाला चेंबरमध्ये बोलावून आईबापांच्या माघारी त्याच्याशी बोलतात. ते त्यांच्या विवेकावर सोडलेलं आहे. समजत्या वयाच्या प्रत्येक मुलाचं म्हणणं निकालाआधी ऐकलंच पाहिजे, अशी दुरुस्ती या कलमात आता व्हायला हवी.